एकाच नांवाचे दोन दुभाषी

२४ ऑगस्ट १९९५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज ९५’ ही प्रणाली बाजारांत आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ठिकठिकाणच्या घरांतून एक चमत्कारिक तक्रार ऐकूं येऊं लागली. संगणक नवा झाला आणि इंटरनेट मात्र बंद पडलें! मोडेम टेलिफोनचा नंबर फिरवी, पलीकडचें यंत्र उत्तर देई, जोडणी झाल्याची खूणहि मिळे. परंतु पडद्यावर एकहि पान उमटत नसे. मालकानें टेलिफोनच्या तारेस दोष द्यावा आणि दुकानदारानें मोडेमकडे बोट दाखवावें, असा प्रकार चाले. वास्तविक यांतील कोणतीच वस्तु नादुरुस्त नव्हती. जुनें साहित्य आपल्या जागीं चोख होतें, नवेंहि आपल्या जागीं चोख होतें. बिघाड होता तो दोघांच्या एकत्र नांदण्यांत. तो समजून घ्यावयाचा तर त्यापूर्वीच्या कांहीं वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे.

इंटरनेटवरील यंत्रें परस्परांशीं ज्या ठराविक रीतीनें बोलतात, तिला टीसीपी-आयपी असें नांव आहे. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें ही रीत स्वीकारली, आणि पुढें ती सर्व जाळ्यांची समान भाषा झाली. परंतु घरांतून व कचेऱ्यांतून जो लहान संगणक वापरला जात होता, त्याला ही भाषा येत नव्हती. १९९२ सालीं आलेल्या विंडोज ३.१ मध्यें चित्रें होतीं, खिडक्या होत्या, अक्षरांचे सुबक नमुने होते. टीसीपी-आयपी मात्र नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठीं निरनिराळ्या कंपन्या आपापला दुभाषी विकीत असत. दुभाषी म्हणजे असा प्रोग्राम, कीं जो एका बाजूस पत्रें वाचण्याच्या किंवा पानें पाहण्याच्या प्रोग्रामचें म्हणणें ऐकून घेतो आणि दुसऱ्या बाजूस तें जाळ्याच्या भाषेंत सांगतो. अडचण एवढीच, कीं प्रत्येक कंपनीच्या दुभाष्याशीं बोलण्याची तऱ्हा वेगळी. एकासाठीं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यापुढें मुका होई.

ही भाऊबंदकी मिटविण्याचा विचार १९९१ सालीं इंटरॉप या परिषदेच्या वेळीं मार्टिन हॉल यांनीं पुढें मांडला. बाजारांत एकमेकांशीं झुंजणाऱ्या कंपन्यांचे जाणते लोक एकत्र बसले, आणि त्यांच्या विचारविनिमयांतून ‘विंडोज सॉकेट्स’ अथवा थोडक्यांत ‘विन्सॉक’ हा करार तयार झाला. त्याची १.१ ही आवृत्ति जानेवारी १९९३ मध्यें निघाली. कराराचें सार असें, कीं दुभाषी कोणाचाहि असो, त्याच्या फाईलीचें नांव विन्सॉक.डीएलएल हेंच असावें, आणि ठराविक प्रश्नांना त्यानें ठराविक रीतीनेंच उत्तर द्यावें. म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यास दुभाष्याची जातकुळी विचारण्याचें कारण उरलें नाहीं. या एका नांवांतच मोठी सोय होती. पुढील तंट्याचें बीजहि त्यांतच होतें.

या करारास धरून ज्यांनीं दुभाषी तयार केले, त्यांत पीटर टॅटम यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावरील विद्यापीठांत काम करणाऱ्या या गृहस्थांनीं ‘ट्रम्पेट विन्सॉक’ नांवाचा प्रोग्राम लिहिला. एका फ्लॉपींत सहज मावेल एवढाच त्याचा आकार; पण साधा टेलिफोन आणि मोडेम यांच्या बळावर विंडोज ३.१ चा संगणक तो थेट इंटरनेटवर नेऊन बसवी. १९९४ च्या सुमारास इंटरनेटची ओळख करून देणाऱ्या मार्गदर्शिकांतून हाच प्रोग्राम घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जाई. विक्रीची रीत विश्वासाची होती: आधीं वापरून पाहावें, पसंत पडल्यास २५ डॉलर पाठवावे. वापरणारे असंख्य निघाले. पैसे पाठविणारे त्या मानानें फारच थोडे.

इतक्यांत विंडोज ९५ आली. भारतांत विदेश संचार निगम या त्या वेळच्या सरकारी कंपनीनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबई व इतर मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, तेव्हां तिच्या आगमनास अवघे नऊ दिवस राहिले होते. मुंबईच्या पहिल्या ग्राहकांपुढें जुन्या व नव्या या दोन्ही वाटा अशा जवळजवळ एकदमच उभ्या राहिल्या.

नव्या प्रणालींत टीसीपी-आयपी आणि टेलिफोनवरून जोडणी करण्याची सोय अंगचीच होती. साहजिकच तिचा स्वतःचा दुभाषीहि तिच्याबरोबर आला, आणि कराराप्रमाणें त्याचेंहि नांव विन्सॉक.डीएलएल! नव्या घडणीच्या, म्हणजे ३२ बिटांच्या प्रोग्रामांसाठीं डब्ल्यूसॉक३२.डीएलएल हा त्याचा थोरला भाऊ होता. १६ बिटांचे जुने प्रोग्राम धाकट्याकडे जात, आणि तो त्यांचें म्हणणें आंतल्या आंत थोरल्याकडे पोंचवी. ज्याच्या संगणकांत ट्रम्पेट आधींपासून होता, त्याच्या घरीं मात्र एका म्यानांत दोन तलवारी झाल्या. जुना प्रोग्राम सुरू झाला, कीं विंडोज विन्सॉक नांवाची फाईल ठराविक क्रमानें निरनिराळ्या कप्प्यांतून शोधी. जी आधीं सांपडेल ती खरी. ती एकदां संगणकाच्या स्मृतींत उतरली, कीं सर्व जुन्या प्रोग्रामांना तिचाच आश्रय.

यांतून दोन प्रकारचे घोटाळे होत. मालकानें ट्रम्पेटकडून टेलिफोन जोडून घ्यावा आणि पानें पाहण्याचा प्रोग्राम मात्र नवा, ३२ बिटांचा उघडावा. तो थोरल्या भावास विचारी, आणि त्याला या जोडणीची वार्ताहि नसे. उलट, नव्या प्रणालीनें टेलिफोन जोडावा आणि जुन्या प्रोग्रामच्या हातीं ट्रम्पेट लागावा. तो आपल्या मोडेमची वाट पाहत बसे. त्यांत भर म्हणजे इंटरनेट पुरविणाऱ्या कांहीं कंपन्यांच्या डिस्का आपली फाईल विंडोजच्या फाईलीवरच लिहून टाकीत, तर इकडे नव्या प्रणालीचा जोडणी करून देणारा साहाय्यक प्रोग्राम जुन्या फाईलीचें नांव बदलून विन्सॉक.ओल्ड असें करून ठेवी.

रोगाचें निदान झाल्यावर उपाय सोपा होता. संगणकांत विन्सॉक.डीएलएल या नांवाच्या जितक्या फाईली असतील तितक्या शोधून काढावयाच्या. त्यांच्या तारखा व आकार ताडून पाहावयाचे. विंडोजच्या कप्प्यांतील नवी फाईल ठेवून बाकीच्यांचीं नांवें बदलावयाचीं. फाईल पुसून टाकूं नये, कारण परतीची वाट मोकळी असावी. मग संगणक सुरू होतांना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट या फाईलींतून ट्रम्पेटच्या कप्प्याचा उल्लेख काढून संगणक पुन्हां सुरू करावयाचा. तत्त्व एकच: सर्व जुनें चालवावें किंवा सर्व नवें, अर्धें-अर्धें चालत नाहीं.

संगणकांचा प्रश्न असा सुटला. टॅटम यांचा सुटला नाहीं. ओझईमेल या ऑस्ट्रेलियन इंटरनेट-कंपनीनें त्यांचा प्रोग्राम मासिकांबरोबर डिस्कांवर घालून फुकट वांटला. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयांत गेलें, आणि १९९६ सालीं न्यायालयानें लेखनाधिकाराचा भंग झाला असा निर्णय दिला. पुढें ट्रम्पेटची ३२ बिटांची आवृत्तिहि निघाली. परंतु तोंवर दुभाषी मूळ प्रणालीबरोबर वेगळें मोल न देतां मिळूं लागला होता. दारीं आलेल्या विक्रेत्याकडून तो कोण घेणार? पुढें २०११ सालीं जुन्या वापरणाऱ्यांपैकीं अनेकांना या ऋणाची आठवण झाली, आणि त्यांनीं आपण होऊन टॅटम यांना पैसे पाठविले. उशिरां कां होईना, ती प्रामाणिकपणाची गोष्ट झाली.

२०२१ सालीं आलेली विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची आहे. १६ बिटांचा प्रोग्राम ती चालवीतच नाहीं. त्यामुळें ट्रम्पेटची मूळ आवृत्ति पाहावयाची झाल्यास संगणकांतच जुन्या संगणकाचें सोंग उभें करावें लागतें. विन्सॉकचा करार मात्र जिवंत आहे. सुधारून वाढविलेल्या रूपांत तो अद्याप विंडोजच्या पोटांत काम करीत आहे, आणि घरांतील संगणकावर एखादें पान उमटतें तेव्हां बहुधा त्याच्याच हातून उमटतें. करार टिकला, कारण तो सर्वांचा होता. तो लोकांच्या घरांत नेऊन पोंचविणारा कारागीर एकटा होता, आणि ज्यांच्या उपयोगीं तो पडला त्यांतील बहुतेकांकडे त्याचे २५ डॉलर राहून गेले.