शिकारी रायफल : पहिल्या कॅलिबरची निवड

नवशिक्या शिकाऱ्याने पहिल्या रायफलीसाठी कोणत्या मापाचे काडतूस पत्करावे, यासंबंधीचे संकेत, नियम व व्यवहार. कॅलिबर म्हणजे मुळात नळीचा अंतर्व्यास. व्यवहारात मात्र हा शब्द त्या नळीत बसणाऱ्या विशिष्ट काडतुसाला लावतात. गोळीचा व्यास सारखा असला तरी काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. .३०८ विंचेस्टर व .३०-०६ स्प्रिंगफील्ड या दोहोंत ०.३०८ इंच (७.८२ मिमी.) व्यासाचीच गोळी असते, पण पुंगळीची लांबी अनुक्रमे ५१ व ६३ मिमी. असते. म्हणून नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव जुळल्याखेरीज बार करू नये.

निवड तीन गोष्टींवर ठरते : सावजाचा आकार, त्या प्रदेशाचा कायदा आणि नेमबाजाला सोसणारा धक्का. पहिल्या रायफलीच्या बाबतीत तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जखमी होऊन निसटलेले जनावर हा शिकारीतील सर्वांत मोठा दोष होय, आणि तो बहुधा काडतूस दुबळे असल्याने नव्हे, तर गोळी चुकीच्या जागी लागल्याने घडतो.

नावांची पद्धत : एकसूत्री नाही. यूरोपीय पद्धतीत व्यास व पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये देतात (७×५७, ६.५×५५). अमेरिकी नावांत .३०-०६ मधील ०६ हे १९०६ या स्वीकृतीच्या वर्षाचे, तर .३०-३० मधील दुसरे ३० हे धूरविरहित दारूच्या मूळ मात्रेचे (३० ग्रेन) द्योतक आहे. .२७० विंचेस्टरच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.२७७ इंच असतो.

धक्का : गोळी व दारूचे वायू पुढे सुटतात, तेव्हा रायफल तेवढ्याच संवेगाने मागे येते. सुमारे ३.६ किग्रॅ. वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का ढोबळमानाने १२ जूल, .३०८ विंचेस्टरचा २०, .३०-०६ चा २८ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ३८ जूल भरतो. गोळीचे वजन व दारूची मात्रा यांनुसार हे आकडे बदलतात. रायफल हलकी केली की धक्का वाढतो. त्यामुळे लहान चणीच्या शिकाऱ्याला मुद्दाम हलकी रायफल देणे पुष्कळदा उलटते. दस्त्याची लांबी हाताच्या मापाची असणे आणि त्याच्या टोकाला रबरी गादी असणे, हे उपाय अधिक कामाचे ठरतात.

धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याच्या क्षणी नेमबाज डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि नळी खाली झुकवतो. बाराचा आवाज व रायफलीची उसळी यांच्या आड हे झाकले जाते, म्हणून त्याचे त्याला कळत नाही. ते उघड व्हावे यासाठी शिकवणारे खऱ्या काडतुसांत एखादे दारूविरहित काडतूस त्याच्या नकळत मिसळतात. चाप ओढला जातो, बार होत नाही, आणि एरवी स्थिर राहायला हवी ती नळी खाली गेलेली सर्वांना दिसते. ही खोड जडू न देणे सोपे, सोडवणे अवघड. पहिले कॅलिबर सौम्य असावे या सल्ल्यामागे हेच कारण आहे. सराव आधी .२२ लाँग रायफलने (१८८७ पासून प्रचारात) करून घेण्याचा प्रघातही त्यासाठीच आहे.

सावज व गोळी : हरणवर्गीय प्राण्यांत नेम पुढच्या पायामागे, हृदय-फुफ्फुसांच्या भागावर धरतात. त्यासाठी आत शिरून फुलणारी, मऊ टोकाची गोळी लागते. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी न फुलता आरपार जाते, म्हणून ती अनेक ठिकाणी शिकारीस मना आहे. एकाच कॅलिबरमध्ये गोळीची निवड बदलली की परिणाम बदलतो. कित्येकदा दोन शेजारच्या कॅलिबरांतील फरकापेक्षा हा फरक मोठा असतो.

हलकी वेगवान गोळी चांगली की जड संथ, हा जुना वाद आहे. अमेरिकेत जॅक ओ'कॉनर यांनी .२७० चा, तर एल्मर कीथ यांनी मोठ्या व जड गोळ्यांचा पुरस्कार केला. दोन्ही बाजूंचे अनुभवी शिकारी आजही आढळतात. डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत .२७५ रिग्बीसारख्या लहान कॅलिबरने पुष्कळ हत्ती मारले, हे खरे. पण हत्तीच्या शरीररचनेच्या बारीक अभ्यासावर उभा असलेला हा दाखला नवशिक्याने गिरवण्याजोगा नाही. धोकादायक जनावरांसाठी आफ्रिकेत अनेक ठिकाणी .३७५ (हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, १९१२) हीच किमान मर्यादा मानतात.

कायदेशीर किमान मर्यादा : पुष्कळ देशांत निवडीचा अर्धा भाग कायदाच उरकतो. स्वीडनमध्ये मूससारख्या मोठ्या जनावरांसाठी (वर्ग १) गोळी किमान १० ग्रॅ. वजनाची असल्यास १०० मी. अंतरावर तिची ऊर्जा निदान २,००० जूल लागते. गोळी ९ ते १० ग्रॅ. असल्यास २,७०० जूल. नॉर्वेतही ९ ग्रॅ. ही तळरेषा आहे. तेथे मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते : ३० सराव-बार, त्यानंतर १०० मी. वरील रेनडिअरच्या आकृतीवर पाच बार, आणि पाचही ३० सेंमी. वर्तुळात. नियम शस्त्राबरोबर हाताचीही परीक्षा घेतो, म्हणून ही पद्धत अनुकरणीय म्हटली पाहिजे.

जर्मनीत रो हरणासाठी १०० मी. वर १,००० जूल पुरतात. इतर खुरी जनावरांसाठी किमान ६.५ मिमी. व्यास आणि २,००० जूल लागतात. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरणविषयक कायद्याने सर्वसाधारण मर्यादा ०.२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड (सुमारे २,३०५ जूल) ऊर्जा अशी ठेवली. मुंटजॅक व चिनी जलहरीण या लहान जातींना सवलत आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे असतात. कोलोरॅडोत ०.२४ इंच व्यास आवश्यक असून हरणासाठी ७० ग्रेन, तर एल्क व मूससाठी ८५ ग्रेन ही गोळीच्या वजनाची किमान मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्याच वापराव्या लागतात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या नळीचे आटे तिला मानवतीलच असे नाही.

प्रचलित कॅलिबरे : .२४३ विंचेस्टर (१९५५) – .३०८ ची पुंगळी तोंडाशी आवळून केलेले, धक्का सौम्य, हरणापर्यंत ठीक, एल्क-मूसला अपुरे मानतात. ६.५×५५ (१८९४) – स्वीडन-नॉर्वेचे जुने लष्करी काडतूस. लांब गोळी, खोल भेद, सौम्य धक्का. ७ मिमी.-०८ रेमिंग्टन (१९८०) – पहिल्या रायफलीसाठी अनेकांची शिफारस. .३०८ विंचेस्टर (१९५२) – काडतुसे जवळपास कुठेही मिळतात, सर्वोपयोगी. .३०-०६ (१९०६) – जड गोळ्यांना वाव, धक्का अधिक. .२७० विंचेस्टर (१९२५) – मोकळ्या डोंगराळ मुलखात प्रिय. .३०-३० (१८९५) – दाट रानात, जवळच्या पल्ल्यावर. ६.५ क्रीडमूर – अलीकडचे, मते विभागलेली.

सरावात शेकड्यांनी काडतुसे लागतात. त्यामुळे किंमत व गावात मिळण्याची खात्री या गोष्टी वरच्या गुणदोषांइतक्याच मोलाच्या आहेत.

दुर्बीण व जोडसामान : साधी, पक्की बसवलेली दुर्बीण पुरते.

भारत : येथे कॅलिबरची निवड शिकाऱ्यापेक्षा सरकारी धोरणाने जास्त घडवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारत व सुदानमध्ये .४५० कॅलिबरच्या गोळ्या आणण्यास बंदी केली. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीसाठी त्या बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती त्यामागे होती. इंग्लिश कारागिरांनी मग .४६५, .४७०, .४७५ ही मापे काढली. म्हणजे हत्ती-वाघांच्या शिकारीची ही नामांकित कॅलिबरे मोठ्या प्रमाणात एका बंदीमुळे रुजली. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल (१९०७) संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी भेट दिलेली रायफल .२७५ रिग्बी, म्हणजेच ७×५७ माउझर होती. तिच्या दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर तसा लेख आहे.

लष्करी .३०३ नागरिकांना निषिद्ध राहिल्याने .३१५ (८ मिमी.) हे मूळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर काडतुसाचे माप भारतात रूढ झाले, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्या रायफली तयार झाल्या. त्यांच्या काडतुसाच्या बुडावर आढळणारी ‘के. एफ.’ ही अक्षरे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची होत. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर रायफलीपेक्षा ठासणीची बंदूकच अधिक आढळते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात हौसेखातर शिकार करणे गुन्हा आहे. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असल्यास अधिनियमातील अनुसूचीनुसार सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच प्राणी मारता येतो. रायफलीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.