राजधानीच्या वेशीवरचे दोन सेनानी

भिन्न काळांतील आणि भिन्न संस्कृतींतील सेनापतींची तुलना करताना श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडा करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु हत्ती आणि भाले यांचा काळ निराळा, तोफाबंदुकांचा निराळा. म्हणून दोघांपुढे उभा ठाकलेला प्रश्न एकच असेल, तेव्हाच तुलना फलदायी ठरते. कार्थेजचा हॅनिबल आणि थोरले बाजीराव पेशवे यांच्यापुढे असा एक प्रश्न समान होता : शत्रूच्या राजधानीच्या वेशीवर पोहोचल्यावर पुढे काय करावे?

हॅनिबलने इ. स. पू. २१८ मध्ये आल्प्स पर्वत ओलांडला आणि २१६ मध्ये कॅनी येथे प्रचंड रोमन सैन्य वेढून कापून काढले. इ. स. पू. २११ मध्ये तो प्रत्यक्ष रोमपाशी येऊन ठेपला. रोमनांनी आपल्या पक्षाच्या कापुआ नगरीचा वेढा उठवावा, हा त्याचा हेतू होता. रोमनांनी वेढा उठवला नाही. हॅनिबल माघारी फिरला आणि त्याच वर्षी कापुआ पडले.

मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीपाशी प्रकटले. दुआबात मल्हारराव होळकरांच्या फौजेस सादतखानाने मागे रेटले होते. मराठे पळाले, असा समज पसरला होता. मोगल सैन्यांना बगल देऊन बाजीरावांनी तो खोटा ठरवला. राजधानी जाळणे शक्य असूनही त्यांनी ते टाळले. अतिरेक केल्यास राजकारणाचा धागा तुटेल, हा विचार चिमाजीआप्पांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रात दिसतो. शत्रूच्या फौजा एकवटण्यापूर्वी ते निघूनही गेले.

दोघेही परतले, पण परिणाम भिन्न झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीरावांनी निजामास भोपाळात कोंडले, आणि जानेवारी १७३८ च्या तहात त्याने माळवा तसेच नर्मदा-चंबळेमधील मुलूख मराठ्यांस मिळवून देण्याचे कबूल केले. हॅनिबलचा भाऊ हसद्रुबाल कुमक घेऊन येत असता इ. स. पू. २०७ मध्ये मारला गेला. पुढे मायदेशी परतलेल्या हॅनिबलचा २०२ मध्ये झामा येथे पराभव झाला.

हा भेद केवळ रणकौशल्याचा नव्हे. रोमचे बहुतेक जुने दोस्त रोमशी एकनिष्ठ राहिले. मोगल सत्ता मात्र आतून पोखरली होती. शिवाय बाजीरावांच्या पाठीशी शाहू छत्रपतींचा आधार, चिमाजीआप्पांचा कारभार आणि शिंदे, होळकर, पवार यांच्यासारखे मुलुखात पाय रोवणारे सरदार होते. तथापि या यशाचे मोलही जबर होते. स्वाऱ्यांच्या कर्जाने पेशवे गांजले होते, आणि २८ एप्रिल १७४० रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, नर्मदाकाठी रावेरखेडी येथे त्यांचे देहावसान झाले. माळव्याची सनद त्यांच्या पश्चात, १७४१ मध्ये, हाती आली.

सुमारे पंधरा वर्षे इटली तुडवूनही हॅनिबलला तेथे कार्थेजची वसाहत उभारता आली नाही. माळव्यात मात्र घोडदळामागून कारकून, शास्त्री, कारागीर आणि कुटुंबे आली. तलवारीने उघडलेली वाट पुढे भाषेने वहिवाटीची केली. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी ग्रंथालयांच्या कपाटांतून आजही तिची खूण सापडते.