पदरमोड करून काळं पाणी

काळ्या पाण्यावर पूर्वी माणूस सरकारी खर्चानं जाई. आता पदरचे पैसे मोजून जातो. अंदमानात १० मार्च १८५८ ला उतरले ते २०० कैदी. काम एकच, जंगल तोडणं. पुढे आमच्या निजामी मुलखातले मौलवी अल्लाउद्दीनही तिकडेच गेले. १७ जुलै १८५७ ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेल्याची ही शिक्षा. ते परत आलेच नाहीत.

आम्ही नांदेडकर मात्र परतीचं तिकीट काढून निघालो. सोबत लातूरचे मामा. लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं होतं, तेव्हा समुद्र बघताच मामा म्हणाले, "एवढं पाणी, अन् टँकर एक दिसंना!"

हॅवलॉक बेटावर पांढरी वाळू, मागं किर्र झाडी. पोवळी बघायला बुडी मारा म्हणताच मामांनी धोतर घट्ट केलं.

"हा हावलाक कोण?"

"सत्तावन्नचं बंड मोडणारा इंग्रज जनरल. कैदी इथं उतरायच्या आधीच, नोव्हेंबर १८५७ मध्ये, लखनौला हगवणीनं वारला."

"अन् तरी बेट त्याचं? मौलवीसायबाचं काय?"

२०१८ साली कागदोपत्री 'स्वराज द्वीप' झालं खरं. बोटवाला 'हॅवलॉक, हॅवलॉक' ओरडत होता, आणि मामा त्याला दर खेपेला दुरुस्त करत होते.