मुळशीची खाचरं आणि कागदावरचं नाव

आज गोष्ट ऐकू या पुण्याच्या पश्चिमेच्या मुळशी पेट्याची.

शंभर वर्षांपूर्वी इथं मुळा आणि नीला नद्यांच्या काठानं छोटी छोटी गावं होती. भाताची खाचरं होती, आंबेमोहोर पिकायचा. टाटा कंपनीनं इथं धरण बांधून मुंबईला वीज न्यायचं ठरवलं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं सरकार कंपनीसाठी जमीन घेऊ शकत होतं. ५२ गावांवर संकट आलं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे, त्यांच्या बाया, लेकरं धरणाच्या जागी जाऊन बसली. काम थांबलं. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढारी होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. पुढं काम पुन्हा सुरू झालं, माणसं तुरुंगात गेली, तरी लढा तीन वर्षं चालला. शेवटी धरण झालंच. आजही ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं.

लढा का हरला? कंपनी आणि सरकार बलाढ्य होतं, हे खरं. पण आणखी एक गोष्ट होती. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडं अडकल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला रोख भरपाई. पैसे घ्यायला सावकार तयार झाले आणि एकी फुटली. ज्याचा घाम मातीत, त्याचं नाव कागदावर नव्हतं.

आता आपल्याकडं बघा. गुडघाभर चिखलात वाकून आवणी कोण करतं? आपणच. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? उद्या धरण आलं, रस्ता आला, तर नोटीस आणि भरपाई नाव असेल त्यालाच आधी मिळते.

कायदा आता बराच बदललाय. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. नवरा वारला तर त्याच्या वाट्यात बायको वारस असते. पण त्यासाठी तलाठ्याकडं वारसनोंद करावी लागते. कुणी ‘सही कर’ म्हणालं, तर तो हक्कसोडीचा कागद नाही ना, हे आधी वाचून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या शेताचा सातबारा आणा. एकत्र बसून वाचू या.