काकू (संगीतशास्त्र)

स्वर, शब्द आणि लय तीच ठेवून केवळ आवाजाच्या लगावाने, दाबाने किंवा वळणाने भाव बदलणे, या क्रियेला काकू म्हणतात. ‘आलास?’ हा शब्द आई काळजीने उच्चारते, मालक रागाने आणि मित्र आनंदाने. शब्द तोच राहतो, बदलते ती काकू. रागसंगीतात भावाविष्काराचा बराचसा भार हीच पेलते.

भरताच्या नाट्यशास्त्रात काकूचा विचार नटाच्या पाठ्याच्या अंगाने आला आहे. ऐकणाऱ्याला पुढचे काही ऐकायची ओढ लावणारी ती साकांक्ष आणि बोलणे पुरे झाल्याची खूण पटवणारी ती निराकांक्ष, असे तिचे दोन प्रकार भरताने केले. ख्याल ऐकताना हा भेद आजही कानाला कळतो. निषादावर थांबलेली जागा श्रोत्याला अधांतरी ठेवते, षड्जावर आलेली त्याला सोडवते. भरताने स्वरांना रसही वाटून दिले आहेत : मध्यम-पंचमाला शृंगार व हास्य, गांधार-निषादाला करुण, धैवताला बीभत्स व भयानक. आजच्या रागांना ही वाटणी लावायला गेल्यास काही हाती लागत नाही. एकच धैवत भूपात शांत वाटतो आणि मारव्यात अस्वस्थ करतो.

गाण्याच्या अंगाने काकूची नेमकी मांडणी झाली ती मराठवाड्यात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने *संगीतरत्नाकर* लिहिला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि तो स्वतः दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबाचा प्रमुख अधिकारी. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात त्याने रागाचे अवयव, म्हणजे स्थाय, मोजून ९६ सांगितले. हिशेबनिसाची सवय इथे लपत नाही. त्यांतील ‘छाया’ या स्थायालाच काकू असे नाव देऊन त्याने तिचे सहा प्रकार केले. श्रुती कमी-जास्त झाल्याने एका स्वरावर दुसऱ्या स्वराची झाक येते ती स्वरकाकू. रागाची स्वतःची छाया ती रागकाकू, दुसऱ्या रागाची डोकावते ती अन्यरागकाकू. प्रदेशाच्या स्वभावातून येते ती देशकाकू, गाणाऱ्याच्या शरीरातून, म्हणजेच त्याच्या कंठाच्या जातकुळीतून येते ती क्षेत्रकाकू, आणि वीणा-वंशासारख्या वाद्यातून येते ती यंत्रकाकू.

पहिल्या तीन प्रकारांचे शिक्षण आजही गुरुमुखातून मिळते. दरबारीचा आंदोलित गांधार आणि तोडीचा अतिकोमल गांधार ही स्वरकाकूची ठळक उदाहरणे. दोन्ही कोमलच, पण पेटीची एक पट्टी दोघांना पुरत नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. भूपात गांधारावर मुक्काम असतो. गायक धैवतावर जरा जास्त रेंगाळला की देशकाराची छाया पडलीच. कसलेला गायक ही छाया मुद्दाम पाडून पुसतोही, पण त्याला हिंमत लागते. भातखंडे लिपीत मींड आणि कणस्वर यांच्या खुणा आहेत; स्वरावर किती भार द्यायचा याची खूण तिच्यात नाही.

क्षेत्रकाकूचे विसाव्या शतकातील उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व (१९२४–१९९२). क्षयाच्या आजाराने एक फुप्फुस निकामी झाल्यावर त्यांनी लांब पल्ल्याच्या दमसासाऐवजी छोट्या, धारदार स्वरवाक्यांची गायकी घडवली. त्याच काळात देवासला अंथरुणावर असताना माळव्यातील लोकधुना त्यांच्या कानावर पडत होत्या. त्या पुढे त्यांच्या रागांत आणि निर्गुणी भजनांत उतरल्या. ही देशकाकू.

देशकाकूसाठी परभणी जिल्हा हे मोठे दालन आहे, आणि अभ्यासकांनी त्यात पुरेसे पाऊल टाकलेले नाही. शार्ङ्गदेवाच्या काळी हा मुलूख यादवांचाच होता; जिंतूर तालुक्यात चारठाण्याची मंदिरे अजून उभी आहेत. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंच्या नावावर सुमारे ३५० अभंग सांगितले जातात. त्यांचे नाव आणि जाते मराठी मनात कायमचे जोडलेले आहे. त्याच जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या. लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात याच जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातील सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत.

जात्यावरच्या गाण्यात काकू कुठे असते? छापील ओवीत जे गळते तिथे. गाताना बाई अर्धी ओळ परत घेते, मध्ये ‘गं बाई’, ‘सये’ घालते, खुंट्याला जोर देताना श्वास तुटतो आणि त्या तुटीतच स्वर किंचित खाली लवतो. संग्राहक ओवी कागदावर उतरवतो तेव्हा ‘गं बाई’ सहसा निघून जाते, कारण अर्थाला तिची गरज नसते. भाव मात्र बहुतेकदा तिच्यावरच टेकलेला असतो.

जनाबाईंचा अभंग मैफलीत भैरवीत किंवा भीमपलासात बसवताना गायक हा लवता स्वर सरळ करतो, त्या जागी स्वच्छ मींड घेतो आणि शेवटी तिहाईने समेवर येतो. भजनी ठेका सांभाळून केलेले असे गाणे श्रवणीय होते, टाळ्याही घेते. त्यात रागकाकू भरपूर असते, देशकाकू जवळजवळ नसते. संगीताच्या परीक्षांच्या अभ्यासक्रमात काकूचे सहा प्रकार व्याख्येपुरते पाठ करून घेतात; कोणता प्रदेश कसा बोलतो, स्वर कुठे दाबतो, हे ऐकवण्याची सोय त्यात नाही. जनाबाई गायला घेणाऱ्या प्रत्येकाने आधी परभणीकडच्या बायकांच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे लावून ऐकावीत, आणि मग तानपुरा जुळवावा.