दुष्काळाने आखलेली वाट

टिळकवाडीत पत्ता सांगावयाचा तर पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशी रेल्वेची फाटके मोजीत जावे लागते. या रुळांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आम्ही काँग्रेस रोड म्हणतो. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या अधिवेशनाची ती खूण. अलीकडे या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ असते. अर्ध्या मॅरेथॉनची, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटरांची तयारी करणारे त्यांत पुष्कळ असतात. माझ्या वर्गातील एक मुलगाही त्यांतलाच. त्याने एकदा विचारले, “सर, आपल्या बेळगावचा कोणी ऑलिंपिकमध्ये धावला आहे का?” इतकी वर्षे इतिहास शिकवीत असूनही मला उत्तर देता आले नाही. “पाहून सांगतो,” एवढेच म्हणालो आणि मनातून ओशाळलो.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम वाटेचाच इतिहास समोर आला. १८७६ ते १८७८ या वर्षांतील भीषण दुष्काळाने बेळगाव, धारवाड, विजापूर हा मुलूख होरपळून निघाला. धान्य वेळेवर पोहोचविण्यास लोहमार्ग हवा, हा धडा सरकारला त्यातून मिळाला आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचा मीटर गेज मार्ग त्याच दशकात बेळगावास आला; तो रुंद झाला थेट १९९० नंतरच्या दशकात. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा आणि त्यातून निघणारा गोकाकचा कालवा ही कामेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतलीच. एकीकडे धान्य आणणारी वाट, दुसरीकडे पाणी नेणारी. दोहोंची जननी एकच, ती म्हणजे भूक.

धावणाऱ्याला या वाटा सुखाच्या का वाटतात, याचे कारणही त्यांच्या रचनेतच आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते. म्हणून इंजिनिअर चढ शक्य तितका सौम्य ठेवतो. कॅसलरॉकहून खाली गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात ३७ फुटांस एक फूट उतार आहे, तर तेवढ्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात! कालव्याचे तर याहून नाजूक. पाणी वाहते राहावे, पण काठ खचू नयेत, इतकाच उतार त्याला मानवतो. म्हणून तो टेकडीला वळसा घालीत जातो आणि पाळीवरची वाटही त्याच्याबरोबर वळते. डोळ्यांना हिरवळ आणि पायांना सपाटी, असा दुहेरी लाभ तेथे होतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी तरुण अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. त्यांच्यापैकी काहींचा वेग युरोपीय धावपटूंच्या जवळपास होता, हे त्या जाणत्या रसिकाच्या ध्यानात आले आणि भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याचा खटाटोप त्यांनी आरंभिला. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे जे भारतीय उतरले, त्यांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉन धावले. ते अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचा कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटांत १९ वे आले. १९ वा क्रमांक म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण ज्या देशाचा चमू प्रथमच तेथे गेला होता, त्याच्या धावपटूने ती शर्यत शेवटास नेली, याचे मोल पदकाच्या तराजूत करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. मुलगा काही बोलला नाही. त्याने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणास धावण्याची हौस असेल, तर पाटबंधारे खात्याची अनुमती घेऊन कालव्याच्या पाळीने साडेदहा किलोमीटर जावे आणि परत यावे. अर्धी मॅरेथॉन जवळजवळ पुरी होते. मात्र चालू रुळांवर पाऊल कदापि टाकू नये. ती वाट गाडीची आहे. आणि दम लागून थांबाल तेव्हा क्षणभर पायांखाली पाहावे. आपण आरोग्यासाठी धावतो ती सपाटी कोणा एका पिढीच्या उपासमारीतून निघालेली आहे. तिचे ऋण मानावयाचे तर निदान तिचा इतिहास तरी आपल्या मुलांना ठाऊक असावा.