शब्दांतले आंकडे

रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवीं १८५३ सालीं जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकाचा पेशा करीत ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथाचे कर्ते झाले. असा इतिहास लिहितांना जुने शक शब्दांतून काढावे लागतात. कारण नुसते अंक पद्यांत बसत नाहींत आणि नकलकाराच्या हातून सहज बदलतात.

भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण व मही या शब्दांनीं सांगितला आहे. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. सरळ वाचल्यास शक ६३०१ होतो. तो तर अजून उजाडायचा आहे! या पद्धतींत पहिला शब्द एकंस्थानचा. म्हणून खरा शक १०३६, म्हणजे इ. स. १११४.

शिवाय रस कोठें ६, तर कोठें ९. अशा वेळीं तिथि व वार दिलेले असल्यास ते गणितानें ताडून पाहावे. फ्लीटसाहेबांच्या गुप्तकालविषयक संशोधनासाठीं दीक्षितांनीं शिलालेखांतील तिथिवारांचें गणित केलें, तें याच जातीचें.

आजच्या संगणकालाहि मजकुरांतील ‘१०३६’ हीं केवळ चार अक्षरेंच होत. वाचण्याची रीत सांगितल्यावरच त्यांची संख्या बनते. रीत चुकली, कीं यंत्राचा हिशेब चुकतो आणि इतिहासाचीं शतकें.